पियानोवर टिळकांचं पद

आमच्या धानोऱ्याकडे, नंदुरबार जिल्ह्यात, उपासनेत पद म्हणायला पेटी, ढोलकी आणि झांज एवढं पुरतं. इथे इंग्लंडात आपली मराठी उपासना भाड्याच्या चर्चमध्ये भरते आणि तिथे आहे तो पियानो. तो वाजवणाऱ्या बाईंवर स्मरणिकेत लिहायचं ठरलं, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: नाव छापायचं नाही, आणि ‘सेवा’ हा शब्द दर दोन ओळींनी आणायचा नाही. दोन्ही पाळतो आहे.

बाई आठवडाभर मुलांना परीक्षेच्या ग्रेडसाठी पियानो शिकवतात. सुरुवातीला ती घरभाड्याची सोय होती, असं त्या सरळ सांगतात. खरी गोडी लागली ती उपासनेत साथ करताना. कारण तिथे कागद कामाला येत नाही.

‘उपासना संगीत’ हे आपलं पदांचं पुस्तक उघडा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाचं वळण सोडलं नाही. त्यांच्याही आधी अहमदनगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. या पदांच्या चाली घराघरांतून कानानं आल्या; नगरची एक, खानदेशची जरा वेगळी. आता पियानोला मींड नाही. पेटीलाही नाही, पण पेटीचा सूर भात्यावर धरून ठेवता येतो. पियानोची पट्टी दाबली की सूर लगेच विरायला लागतो. इंग्रजी भजनासारखे भरगच्च कॉर्ड दिले तर चाल गुदमरते. म्हणून बाईंचा डावा हात फक्त षड्ज-पंचम धरतो, केरव्याच्या ठेक्यात. उजवा हात गाणाऱ्यांच्या किंचित मागे राहतो. पुस्तकात पट्टी काहीही असो, त्या दोन सूर खाली घेतात, नाहीतर आजीमंडळी अंतऱ्याला गप्प बसतात. ध्रुपदावर परतताना सगळे हमखास रेंगाळतात, तिथे त्या थांबतात. हे पाहायचं असेल तर पुढच्या बाकावर बसा.

पियानोवर पद म्हणजे बाटवाबाटवी, असं आपल्यातच एकानं म्हटलं. पण पेटी तरी कुठली? पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली. बालगंधर्वांच्या नाटकांना ऑर्गनची साथ असे आणि ती नाट्यपदं कुणाला परकी वाटली नाहीत. उलट नभोवाणीनंच १९४० पासून पेटीला तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं. परकेपणाचा वाद जुना आहे आणि मला तरी तो कंटाळवाणा वाटतो.

बाई आपल्या मराठी विद्यार्थ्यांना ग्रेडच्या तुकड्यांसोबत एक पदही देतात, नोटेशनशिवाय. पाचव्या ग्रेडचा एक मुलगा परवा गोंधळून म्हणाला, “बाई, पण वाजवू कशावरून?”

“आजोबांवरून. ते श्वास कुठे घेतात ते बघ.”

पहिल्यांदा तो आजोबांच्या पुढे पळाला. दुसऱ्या कडव्यापर्यंत आजोबांनी त्याला पकडलं.

आता दोन मुलं आलटून पालटून वाजवतात आणि बाईंना कधी नव्हे ते बाकावर बसून गायला मिळतं. ढोलकीवाला मात्र अजून मिळालेला नाही. कुणाच्या घरी ढोलकी नुसती पडून असेल तर घेऊन या, वाजवणाऱ्यासकट.