रोजचं जगणं टिपायला कोणता कॅमेरा? सोनी अल्फा ६४०० आणि फुजीफिल्म एक्स-टी३० टू

इथे ढोकीत समोर बसलेल्यांना नमस्कार, आणि हे नंतर आपापल्या घरी ऐकतील-वाचतील त्यांनाही.

आज दोन छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांची तुलना करायची आहे. एक सोनीचा अल्फा ६४००, जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेला. दुसरा फुजीफिल्मचा एक्स-टी३० टू, सप्टेंबर २०२१ मधला. दोन्ही आजचे सगळ्यात नवे नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. मुद्दाम हेच घेतले, कारण पहिला कॅमेरा घेणारा माणूस बहुधा याच पायरीवर येतो: नवा परवडला तर नवा, नाहीतर कुणाचा तरी वापरलेला.

पण आधी एक सरळ प्रश्न. फोन असताना कॅमेरा कशाला? तुमचे फोटो फोनवर काढायचे, फोनवर बघायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे एवढंच असेल, तर कॅमेरा घेऊ नका. पैसे वाचवा. फोन उत्तम आहे. कॅमेऱ्याची गरज लागते ती अंधारात हलणाऱ्या माणसासाठी, लेन्स बदलून लांबचं किंवा जवळचं घेण्यासाठी, मोठं छापण्यासाठी आणि वीस वर्षांनी पुन्हा उघडून बघण्यासाठी. या दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे. फोनच्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी मोठा. पाऊस पडताना वाटीऐवजी परात ठेवली तर पाणी जास्त साठतं, तसाच हा प्रकार, फक्त पाण्याच्या जागी उजेड.

आता ‘रोजचं’ या शब्दावर आम्ही एवढा जोर का देतोय? कारण आपल्या भागाला रोजचं न टिपण्याची किंमत ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. सुमारे १० हजार माणसं गेली, आणि कितीतरी गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. त्या जुन्या गावांतले फोटो कुणाकडे मागितले, तर बहुधा लग्नाचे निघतील, नाहीतर स्टुडिओतल्या पडद्यापुढे उभं राहून काढलेले. माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या, ओसरीत धान्य निवडणारी आजी, दगडी भिंतीतला कोनाडा, यांचे फोटो कुणी काढायचे? रोलमध्ये ३६ फोटो, धुवायचा-छापायचा खर्च वेगळा. रोजच्या गोष्टीवर फ्रेम कोण घालवणार?

कुर्डुवाडी-लातूरची अडीच फुटी रेल्वेही तशीच गेली. २००७-०८च्या सुमाराला तिची ब्रॉडगेज झाली. आपल्या तेरणा कारखान्याची चिमणी मधली बरीच वर्षं थंड होती. जे रोज दिसतं ते कायम राहणार असं आपण धरून चालतो. म्हणून आमची कसोटी अशी: जो कॅमेरा घेतल्यानंतर सहा महिन्यांनीही कपाटातून बाहेर निघतो, तो चांगला. बाकीचे आकडे या कसोटीला लावून बघायचे.

आकड्यांपासूनच सुरू करू, म्हणजे ते एकदाचे बाजूला ठेवता येतील. सोनी २४.२ मेगापिक्सेलचा, फुजी २६.१चा. दुकानात हा फरक मोठा करून सांगतात. प्रत्यक्षात सोनीचा फोटो ६००० पिक्सेल रुंद, फुजीचा ६२४०. भिंतीवर मोठा करून लावला तरी हा फरक सांगता येणार नाही. बॅटरी आणि कार्डासकट सोनी ४०३ ग्रॅम, फुजी ३७८. सोबतच्या किट लेन्सही हलक्या: सोनीची १६-५० ही ११६ ग्रॅमची, फुजीची १५-४५ ही १३५ ग्रॅमची. म्हणजे दोन्हीकडे सगळं मिळून साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्याएवढं वजन. सेन्सर हलवून हाताचा कंप सावरण्याची सोय दोघांच्याही बॉडीत नाही. ती या किट लेन्समध्ये आहे. उजेड पुरेसा असेल तर दोघांच्या फोटोचा दर्जा सारखाच धरा.

मग फरक कुठे आहे? आमच्या मते, फोटो काढताना कोणता निर्णय कॅमेरा घेतो आणि कोणता तुमच्या हातात राहतो, यात आहे. सगळी तुलना इथेच येऊन थांबते.

सोनीचा जोर फोकसवर आहे. ४२५ बिंदूंनी फ्रेमचा बहुतेक भाग व्यापलेला. एकदा माणूस पकडला की तो वळला, चालला, क्षणभर कुणाच्या आड गेला, तरी कॅमेरा त्याला धरून ठेवायची शिकस्त करतो. चेहरा दिसला की डोळ्यावर जातो. बाजाराच्या गर्दीत पळणारं पोर, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई, अशा ठिकाणी दुसरी संधी मिळत नाही. तिथे सोनी पुढे आहे. फुजीतही माणसाचा चेहरा आणि डोळा ओळखायची सोय आहे, आणि ती चांगली चालते. पण हलत्या माणसाचा पाठलाग करण्यात सोनी जास्त भरवशाचा. सोनीत जनावरांचा डोळा ओळखायचीही सोय आहे, ती मुख्यतः कुत्र्या-मांजरांवर बेतलेली. पोळ्याच्या बैलाच्या भरवशावर कॅमेरा घेऊ नका.

फुजीचा जोर हाताखालच्या डायलवर आहे. वर शटरचा डायल, त्याच्या शेजारी एक्स्पोजर कमी-जास्त करायचा डायल. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून कळतं, काय लावलंय ते. एक्सएफ मालिकेतल्या बहुतेक लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडीही असते. नवख्याला भीती वाटली, तर एक छोटी खिट्टी आहे; ती ‘ऑटो’वर ओढली की सगळं कॅमेऱ्याच्या हवाली.

या डायलचा उपयोग आपल्याकडे कुठे होतो, ते सांगतो. भर दुपारचं ऊन, उन्हात रापलेला सावळा चेहरा, डोक्यावर पांढरी टोपी. कॅमेरा सगळ्याची सरासरी काढतो. टोपी सांभाळली की चेहरा काळवंडतो, चेहरा सांभाळला की टोपीचा पांढरा ठिपका होतो. ही अडचण जुनी आहे. फिल्मच्या काळात कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुना-फोटो असायचा, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोरी बाई. वर्षानुवर्षं चेहऱ्याचा ‘बरोबर’ रंग तिच्यावरून ठरला, आणि सावळ्या माणसांनी फोटोत आपले चेहरे काळपट झालेले बघितले. आज सेन्सर बदललेत, तरी सरासरी काढायची खोड आहेच.

फुजीत तुम्ही अंगठ्यानं डायल फिरवता आणि व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरा उजळताना बघता. वर ‘डीआर’ नावाची सेटिंग आहे, ती पांढऱ्या भागातला तपशील वाचवून सावली उचलते. तिच्यासाठी आयएसओ थोडा वाढवावा लागतो: डीआर २००ला किमान ३२०, डीआर ४००ला ६४०. सोनीतही हे होतं. चेहऱ्याला महत्त्व देऊन उजेड मोजायची सोय आहे, सावली उचलायची सेटिंग आहे. पण त्यासाठी स्वतंत्र डायल नाही. बटण दाबा, चाक फिरवा. आणि मेन्यू? सोनीच्या या पिढीचा मेन्यू म्हणजे तहसील कचेरी. काम होतं, पण कोणती खिडकी ते आधी माहीत पाहिजे.

रंगाचं बोलायचं तर फुजीत १८ फिल्म सिम्युलेशन आहेत. कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग फाइल तशीच छापायला द्यावी अशी असते. घरी कॉम्प्युटर नसलेल्याला हा मोठा फायदा. सोनीची जेपेग वाईट नाही, पण मनासारखा रंग हवा तर रॉ फाइल घेऊन नंतर बसावं लागतं. इथे फुजीला आमचे पूर्ण गुण.

एक गोष्ट तुलनेत सहसा कुणी घेत नाही. सोनीचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे, फुजीचा मधोमध. उजवा डोळा लावणाऱ्याचा अर्धा चेहरा सोनीच्या बाजूनं उघडा राहतो. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही दिसता, तुमचं हसू दिसतं. फुजीमागे चेहरा बराचसा झाकला जातो. शिवाय सोनीच्या व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थोडं मोठंही दिसतं. लहान वाटेल, पण गावात फोटो काढताना माणूस आखडतो की मोकळा होतो, ते अशाच गोष्टींवर ठरतं.

आता धूळ. ऊसतोडीचा हंगाम, ज्वारीची रास, खडीचे रस्ते. सोनीची रचना धूळ आणि ओल्याव्याला काही प्रमाणात रोखणारी आहे, असं कंपनी सांगते. पूर्ण हमी देत नाही. एक्स-टी३० टूबद्दल फुजी तसा दावाच करत नाही. पण खरी धूळ आत जाते ती लेन्स बदलताना. रस्त्यावर लेन्स बदलू नका. बदलायचीच झाली तर कॅमेरा बंद करा, तोंड खाली करा आणि झटपट उरका. हवेचा रबरी फुगा जवळ ठेवा. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.

वीज. दोघांच्याही बॅटऱ्या लहान, एका चार्जमध्ये साडेतीनशे ते चारशे फोटो. दोन्ही केबलनं चार्ज होतात, पण फुजीला आजच्या फोनची टाइप-सी केबल चालते, सोनीला जुनी मायक्रो यूएसबी लागते. लाइट गेली की पॉवर बँकवर भागतं. तरी एक जादा बॅटरी घ्याच.

शेजारच्या तेरला गोरोबा काकांच्या मंदिरात कीर्तन टिपायचं असेल, तर दोघांनाही बिनआवाजाचं शटर आहे. सावध राहा: एलईडीच्या उजेडात ते वापरलं की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. तिथे साधं शटर वापरा आणि टाळ-मृदंगाच्या गजरातच दाबा. अशा अंधारात किट लेन्स अपुरी पडते. फुजीची एक्ससी ३५ एफ-२ ही १३० ग्रॅमची, सोनीची ३५ एफ-१.८ साधारण १५५ ग्रॅमची. सोनीच्या लेन्समध्ये हाताचा कंप सावरायची सोय आहे, फुजीच्या या लेन्समध्ये नाही. दगडी खांब, समईचा उजेड, न हलणारी मूर्ती, अशा ठिकाणी ही सोय फार कामाची. कीर्तनकार हात उंचावतो तेव्हा मात्र ती काही करत नाही, तिथे शटरच वेगवान लागतं.

मग निकाल काय? ‘दोन्ही आपापल्या जागी चांगले’ असं म्हणून सुटायचं नाही, नाहीतर समीक्षा कशाला म्हणायची.

घरात एकच कॅमेरा येणार असेल आणि तो बाप, लेक, सून, भाचा सगळे हाताळणार असतील, तर सोनी घ्या. ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही त्याच्या हातूनही चेहरा स्पष्ट येतो, आणि रोजच्या फोटोत चेहरा स्पष्ट येणं ही पहिली अट आहे. धूळ आणि हलती माणसं, या आपल्या दोन अडचणींत तो पुढे आहे.

पण एकट्याला शिकायचं असेल, उजेड कसा पडतो ते समजून घ्यायचं असेल, तर फुजी. सोनीत एक धोका आहे. सगळं इतकं अचूक येतं की माणूस बघायचं सोडून नुसता दाबत राहतो. संध्याकाळी कार्डात आठशे फोटो, आणि ठेवावा असा एकही नाही. फुजीचा डायल दर वेळी विचारतो, ‘तुला नक्की काय दाखवायचंय?’ हा प्रश्न रोज ऐकणाऱ्याची नजर तयार होते.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आलीय: नवीन मॉडेलसाठी थांबावं का? सोनीचा अल्फा ६७०० हा २०२३चा आणि फुजीचा एक्स-टी५० हा २०२४चा. दोघांच्या बॉडीतच कंप सावरायची सोय आहे, फोकसही पुढे गेलाय. पैसे असतील तर जरूर घ्या. नसतील तर थांबू नका, कारण आजोबा थांबत नाहीत. वापरलेला घेताना अ‍ॅपर्चर एफ-१६ करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. ती लेन्स घेऊ नका.

शेवटचं. कॅमेरा कोणताही घ्या, फोटो दोन ठिकाणी ठेवा. वर्षातले पन्नास निवडून छापा, आणि मागे पेन्सिलीनं नाव, गाव, तारीख लिहा. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांत परका होतो. या आठवड्यात एवढं करा: आपल्या घराचा उंबरा, चूल किंवा गॅसचा ओटा, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, त्याच्या नेहमीच्या जागी बसलेलं. तीनच फोटो. फोननं काढलेत तरी चालतील.