रेडियमचा उजेड आणि रंगमंचावरचा काळोख

गेल्या विज्ञान दिनाला एका शाळेत आम्ही एक एकपात्री प्रयोग पाहिला. नववीतली एक मुलगी, एक पांढरी चादर, एक प्रोजेक्टर आणि घरातली चार भांडी. विषय मारी क्यूरी. संवाद एकही नाही. असे प्रयोग हल्ली अनेक शाळांतून होतात. म्हणून त्यातले काय साधले आणि काय निसटले, हे जरा बारकाईने पाहू.

साधले ते असे. मुलीने वाळूने भरलेले घमेले ओढत आणले. वाळू चाळून पातेल्यात, पातेल्यातून वाटीत, वाटीतून चिमटीत. भांडे लहान होत गेले, श्रम मात्र वाढत गेले. पिचब्लेंडच्या काही टन गाळातून १९०२ साली मारीबाईंच्या हाती जेमतेम एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आले. हा आकडा आपण फळ्यावर लिहितो आणि पुसतो. इथे तो सभागृहाला दिसला. प्रतीक चांगले कधी म्हणावे? मूळ वस्तूचा एखादा खरा गुणधर्म ते आपल्या अंगी वागवते तेव्हा. घमेल्यापासून चिमटीपर्यंतच्या प्रवासात तो होता.

शेवट मात्र फसला. मुलीने चिमूट उंच धरली, चादरीवर हिरवा लखलखाट झाला, टाळ्या पडल्या. हा मोह जुना आहे. लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी १८९२ पासून पॅरिस गाजवत होती. रेशमाच्या घोळदार वस्त्रात काठ्या शिवून ती ते फिरवी आणि त्यावर रंगीत काचांमधून प्रकाशझोत पाडी. या पोशाखाचे पेटंटही तिने १८९४ साली घेतले. रेडियमची बातमी ऐकून तिने क्यूरी दांपत्याला पत्र लिहिले की, नाचाच्या पोशाखासाठी रेडियम मिळेल का? त्यांनी ही कल्पना व्यवहार्य नसल्याचे समजावून कळवले. फुलरने मग दुसरी चमकणारी रसायने वापरून १९०४ साली आपला रेडियम नृत्याचा प्रयोग केला.

फुलरकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तिचा पडदा तिच्या अंगावरच होता. त्यामुळे चित्र आणि नट यांच्यात चुरस लागत नसे. आमच्या प्रयोगात मुलगी चादरीच्या बाजूला उभी होती, आणि चित्र आले की तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. चादर तिने खांद्यावर घेतली असती तर हा दोष सहज टळला असता.

पण फुलरची चूकही इथे उतरली आहे. ती चूक म्हणजे चमक हेच रेडियम मानणे. घड्याळाच्या तबकडीवरचा हिरवा उजेड रेडियमचा नसतो. रेडियमच्या किरणांचा मारा झाल्याने रंगात मिसळलेले झिंक सल्फाइड चमकते. काही वर्षांत ते झिंक सल्फाइड निकामी होते आणि तबकडी काळी पडते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचे. म्हणजे उजेड विझला तरी किरणोत्सार चालूच! पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशाचे टोक ओठांनी निमुळते करीत. रेडियमचे रासायनिक वर्तन कॅल्शियमसारखे असल्याने ते हाडांत जाऊन बसले. कित्येकींचे जबडे झिजले, कित्येकी दगावल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींच्या दाव्यात तडजोड झाली ती १९२८ साली. मारीबाईही १९३४ साली रक्ताच्या विकाराने गेल्या आणि त्याचा संबंध किरणोत्साराशीच जोडला जातो.

मग या प्रयोगाचा शेवट कसा असावा? आमच्या मते लखलखाटानंतर प्रोजेक्टर पूर्ण बंद व्हावा. आम्ही हे सुचवले तेव्हा मुलगी म्हणाली, "पण सर, लोकांना वाटेल लाइट गेली!"

शंका अगदी रास्त होती. नुसता काळोख काहीच सांगत नाही. काळोखातही काहीतरी चालू आहे हे प्रेक्षकाला कळायला हवे. त्यासाठी स्टीलच्या ताटात ज्वारीचे दाणे एकेक करून टाकावेत. टक्... टक् टक्... टक्. तालात टाकू नयेत, कारण अणू कधी फुटेल याला ताल नाही. गायगर गणकाची टिकटिकही अशीच अनियमित असते. अर्धा मिनिट हा आवाज ऐकवावा आणि मगच दिवे लावावेत.

टाळ्या कदाचित उशिरा पडतील, कमीही पडतील. पण घरी जाताना एखादा विद्यार्थी विचारील की उजेड गेल्यावर वाजत काय होते. त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात द्यायचे आहे. ते काम आपले, शिक्षकांचे.