पंचांग, लीलावती आणि बहिणाबाई

दिवाळी अंक घरात आला, की प्रथम त्याची वाटणी होते. मुले व्यंगचित्रांची पाने पळवितात, कोणी कथेला लागतो, कोणी प्रवासवर्णनाला. आणि दुपारच्या जेवणापर्यंत अंक अखेरच्या पानांपाशी येऊन थांबतो. तेथे बाराही राशींचे वार्षिक भविष्य असते. ‘आमचा यावर विश्वास नाही’ असे म्हणणारा गृहस्थही आपल्या राशीपुरती नजर तेथून फिरवून येतो. कथेवर आपण टीका करतो, कवितेवर तर हमखास करतो. परंतु घरातल्या झाडून साऱ्यांनी वाचलेल्या या मजकुराचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. ते आज थोडेसे करावे, असा माझा विचार आहे. या कामी मी साक्षीदार बोलावणार आहे ते माझ्या खानदेशातले, आणि त्यांतला मुख्य साक्षीदार एक निरक्षर शेतकरीण आहे.

प्रथम या मजकुराची भाषा पाहू. ‘वर्षाचा पूर्वार्ध धावपळीचा जाईल, परंतु उत्तरार्धात कामे मार्गी लागतील. आप्तेष्टांशी बोलताना संयम ठेवावा. प्रकृतीची काळजी घ्यावी.’ हे नमुन्याचे वाक्य मीच रचले आहे. वाचकांनी ते हव्या त्या राशीखाली घालून पाहावे, बसेल. यातले एकही विधान खोटे ठरणार नाही, कारण एकही विधान काही ठरवून सांगत नाही. धावपळ कोणाला चुकली आहे? आप्तेष्टांशी बोलताना संयम तर दिवाळीच्या चार दिवसांतच सर्वांत अधिक लागतो! बर्ट्रम फोरर नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांवर हीच गंमत करून पाहिली. प्रत्येकाला त्याने स्वभाववर्णनाचा एक कागद दिला आणि ते वर्णन खास त्याचेच आहे असे भासविले. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. मग उलगडा झाला, की सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि त्यातली वाक्ये बहुतेक एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. अशा लेखनात लेखक अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे वाचक आपल्या आठवणींतून भरून काढतो आणि त्याचे श्रेय लेखकाला देतो.

यावर कोणी म्हणेल, की ही वर्तमानपत्री करमणूक झाली. खरे ज्योतिष जन्मवेळेवरून मांडलेल्या कुंडलीत असते. ठीक आहे, तीही परीक्षा झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली महाराष्ट्रातील ज्योतिषांना एक आवाहन केले. दोनशे मुलांच्या कुंडल्या जमविल्या होत्या. त्यांतली शंभर मुले अभ्यासात हुशार आणि शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाने चाळीस कुंडल्या पाहून, कोणते मूल कोणत्या गटातले, एवढेच सांगावयाचे होते. भाग्योदय नको, परदेशगमन नको. मुलाच्या साऱ्या आयुष्याचे वळण ठरविणारी एकच गोष्ट. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांचे बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा ४६ भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर पन्नासच्या आसपास आली असती.

मग प्रश्न असा, की शहाण्यासुरत्या माणसांचा यावर विश्वास बसतो कसा? माझ्या मते त्याचे उत्तर पंचांगातच आहे. पंचांगात दोन तऱ्हेचा मजकूर शेजारी शेजारी छापलेला असतो. सूर्य केव्हा उगवेल, तिथी केव्हा संपेल, ग्रहण किती वाजता लागेल, हे गणित आहे. आणि ते खरे ठरते. कोणत्या नक्षत्रावर काय केल्याने काय फळ मिळेल, हे फलित आहे. ग्रहण नेमक्या मिनिटाला लागलेले पाहिले, की आपण त्या अचूकपणाची सारी पत शेजारच्या रकान्याला उधार देऊन टाकतो. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले. ते एकत्र येणार हे गणिताने सांगितले होते आणि ते आलेही. जगावर घोर संकट कोसळणार, हे फलिताने सांगितले होते. देशभर यज्ञ झाले. आणि ते दिवस सरल्यावर माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागली. गणित चुकले असते, तर पंचांगकर्त्याला जाब विचारला असता. फलित चुकल्याचा जाब कोणी विचारला नाही.

या दोन रकान्यांचे नाते किती जुने आहे, हे आमच्या जळगाव जिल्ह्यात पाहावयास मिळते. चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ च्या या लेखात, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याची आणि त्याला मिळालेल्या दानांची हकीकत आहे. हा चंगदेव सिंघण यादवाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. ज्या घराण्यात ‘सिद्धान्तशिरोमणी’सारखा ग्रंथ लिहिला गेला, त्याच घराण्याकडे राजाचे भविष्य पाहण्याचेही काम होते. त्या काळी या दोन गोष्टींत कोणाला विसंगती दिसली नाही, यात नवल नाही. नवल हे, की आठशे वर्षांनंतरही आपल्याला ती दिसत नाही.

भास्कराचार्यांच्या नावाबरोबर लीलावतीची कथाही येते. लीलावतीच्या कुंडलीत वैवाहिक सुख नव्हते. पित्याने गणित करून एक मुहूर्त काढला. तो साधला, तर अनिष्ट टळणार होते. घटिकापात्र पाण्यात सोडले. पाणी कसे भरते हे पाहण्यासाठी मुलगी वाकली, तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. काही जण सांगतात, तिचे लग्न झालेच नाही. काही म्हणतात, झाले आणि ती लवकरच विधवा झाली. पित्याने तिचे नाव अमर व्हावे म्हणून गणिताच्या ग्रंथाला ते दिले. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते.

कथा गोड आहे, आणि आपण ती मुलांना कौतुकाने सांगतो. परंतु टीकाकाराच्या नजरेने पाहिले, तर तिच्यात एक गोम आहे. भोग अटळ असेल, तर मुहूर्ताने तो टळणार कसा? आणि मुहूर्ताने टळत असेल, तर तो अटळ कसला? कथेला हा प्रश्न अडचणीचा होता. म्हणून तिने मध्ये मोती आणला. त्या मोत्याने फार मोठे काम केले. कुंडलीही खरी राहिली, मुहूर्तही खरा राहिला, पित्याची विद्याही निर्दोष राहिली. आणि चूक कोणाच्या पदरात पडली? पात्रात डोकावणाऱ्या मुलीच्या! तिने पाहावयास नको होते. फलज्योतिषाच्या साऱ्या कथा अशाच संपतात. शास्त्र चुकत नाही. कोणीतरी माणूस चुकतो, आणि बहुधा तो माणूस घरातली बाई असते.

आता माझ्या मुख्य साक्षीदाराकडे वळतो. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. अक्षरओळख नाही, तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीच्या सुमारास वैधव्य, आणि १९५१ साली मृत्यू. शेतात, जात्यावर त्यांनी म्हटलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. त्यांत वैधव्यानंतरचे, ज्योतिषाला उद्देशून म्हटलेले एक गाणे आहे. ते पुष्कळांना पाठ आहे, म्हणून येथे उतरवून देत नाही. त्याची चाल मात्र पाहण्याजोगी आहे.

गाण्याचा आरंभ अविश्वासाने होत नाही. कर्माची रेषा कपाळी होती, कुंकवाखाली ती झाकलेली होती, कुंकू पुसले तेव्हा ती उघडी पडली, असे ती बाई म्हणते. म्हणजे परंपरेने दिलेली कल्पना तिने प्रथम जशीच्या तशी उचलली आहे. मग दृष्टी कपाळावरून तळहाताकडे येते. तेथे धनरेषा आहे खरी, पण ती तिला भेगेसारखी दिसते. तिने हात फाटला आहे. ही प्रतिमा ज्याने कोरडवाहू शेतात राबणारा हात पाहिला आहे त्यालाच कळेल. ज्योतिषी ज्या रेषा वाचावयास आला, त्या या हातावर कामाने पडल्या आहेत. येथून गाणे वळते. हाताच्या रेघोट्या म्हणजे नशीब नव्हे, असे ती रोखठोक सांगते. आणि ग्रह? ते तर स्वतःच फिरत राहिले आहेत. आपल्या दोन मुलांना सुखी ठेव, एवढे मागणे ती देवाकडे मागते. त्यातच तिचे नशीब आले, पंचांगाने आणखी काय सांगावयाचे? शेवटी ती त्याला हात पाहू नको, दारी येऊ नको, म्हणून विनविते.

काही समीक्षक या गाण्यात केवळ दुःख पाहतात; काही उत्साहाच्या भरात बहिणाबाईंना बुद्धिवादी करून टाकतात. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. या गाण्यात देव आहे, प्रार्थना आहे, दैव हा शब्दही आहे. नाही तो मध्यस्थ. माझे दैव मला कळते, असे जेव्हा ती म्हणते, तेव्हा ती आपल्या आयुष्याचा अर्थ लावण्याचा हक्क परक्याच्या हातून काढून घेते. विधवेचा हात पाहणारा तिला काय सांगणार होता? तुझ्याच पत्रिकेत हे होते, एवढेच. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मराठीत उगीच आला नाही. नवरा वारला तर ती सुनेच्या पायगुणाने, विहिरीचे पाणी आटले तरी तिच्याच पायगुणाने. बहिणाबाई तो हात पुढे करण्याचेच नाकारतात. आपल्याविरुद्धचा पुरावा आपण होऊन द्यावयाचा नाही, हे त्या शाळेत न जाता शिकल्या होत्या.

यात त्यांची आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. त्या ज्योतिषाला थापा मारू नको म्हणतात, पण त्याला हाक मारतात ती घरगुती. शिवी नाही, शाप नाही. दारी आलेल्या भटक्याला कसे नाकारावे, याचा तो धडा आहे. तो आम्हां खानदेशकरांना किती लागला, हे १ जुलै २०१८ रोजी दिसले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, भिक्षेसाठी दूरवरून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवावयाला कोणाला पुरावा लागला नाही. त्याच वर्षी जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. राईनपाडा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतो. अफवा आणि फलज्योतिष एक नव्हेत, हे मला कळते. परंतु दोन्हींची खोड एक आहे: भीती मनात आली, की तिला चटकन एक माणूस दाखवून द्यावयाचा. सातपुड्यात आजार पसरला, की एखाद्या बाईला डाकीण ठरवितात, तीही याच खोडीने.

डाकीण ठरविण्यासारख्या क्रौर्यासाठी आता कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी आला. मात्र जोशी, नंदीबैलवाले व इतर ज्योतिषी यांचा सल्ला त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. पत्रिका पाहणाऱ्याला शिपायाने धरून नेण्यापेक्षा, घरातल्या माणसांनी त्याला बहिणाबाईंप्रमाणे नम्रपणे परतविलेले बरे. परंतु मग ती जबाबदारी घरावर येते.

दिवाळी सरली, की तुळशीचे लग्न लागेल आणि घरोघर स्थळे पाहण्यास आरंभ होईल. कोणा मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघेल आणि बोलणे मोडेल. त्या वेळी वडीलमाणसांनी लीलावतीच्या बापाचे गणित नव्हे, पण लीलावतीतले साधे त्रैराशिक करून पाहावे. कुंडलीची घरे बारा. पहिले, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे, या पाचांपैकी कोठेही मंगळ असला, की दोष लागतो. बारांत पाच, तर शंभरांत किती? एकेचाळीस पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे गावातल्या दर पाच मुलींपैकी दोघींच्या नशिबी घरात येण्यापूर्वीच ठपका. ज्या दोषाने निम्मे गाव दोषी ठरते, तो दोष गावाचा की मोजणाऱ्याचा, हे घरातल्या मुलींसमोर मोठ्याने विचारावे. हिशेब त्याही करू शकतात.