महामुद्रा आणि राजद्रोह : कोकच्या एका नोंदीचा विचार

सर एडवर्ड कोक याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाचा तिसरा भाग त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६४४ साली, प्रसिद्ध झाला. त्यातील राजद्रोहाचे विवेचन १३५१ च्या कायद्यावर आधारलेले आहे. राजाच्या मृत्यूचे चिंतन करणे, त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारणे यांच्याच पंक्तीला या कायद्याने राजाची महामुद्रा, खाजगी मुद्रा अथवा नाणे बनावट करणे हे कृत्य बसविले होते. आधुनिक वाचकाला ही सांगड चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या काळी जमिनीचे दान आणि अधिकाराची सनद मेणावरील ठशानेच सिद्ध होई, त्या काळी खोटी मुद्रा करणे म्हणजे राजाच्या इच्छेचीच तोतयेगिरी करणे होय.

या कलमाखाली कोकने नोंदविलेले लीक नामक चान्सरीतील कारकुनाचे प्रकरण विशेष मननीय आहे. पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत या लीकने दोन चर्मपत्रे डिंकाने अशी चिकटविली की, ती एकच भासावी. वरच्या पातळ पत्रावर खरी सनद लिहून त्याने तीवर महामुद्रा मिळविली. नंतर कडा कापून वरचे पत्र काढून टाकले, आणि मुद्रा लटकत राहिलेल्या खालच्या कोऱ्या पत्रावर स्वतःची खोटी सनद लिहिली. न्यायाधीशांनी हा राजद्रोह मानला नाही. अत्यंत गंभीर, पण राजद्रोहाहून कमी दर्जाचा अपराध ठरविला. मुद्रा खरी होती. खोटा होता तो मजकूर.

या निर्णयावर शब्दच्छलाचा आक्षेप घेता येईल. मुद्रेचे महत्त्व मेणात नसून तिने प्रमाणित होणाऱ्या राजाज्ञेत असेल, तर लीकने नेमका त्या आज्ञेवरच घाला घातला, हे नाकारता येत नाही. खुद्द कोकलाही हे खटकले असावे. हा गृहस्थ अद्याप जिवंत आहे, असे तो काहीशा संतापानेच नमूद करतो.

तथापि याच कायद्याच्या पहिल्या कलमाचे काय झाले, हे पाहिले म्हणजे हा आक्षेप दुबळा ठरतो. ‘चिंतन’ या शब्दाची व्याप्ती अर्थ ताणून वाढविण्यात आली. १६१५ साली एडमंड पीचम या धर्मोपदेशकाला, कधीही न दिलेल्या प्रवचनाच्या हस्तलिखितावरून, राजद्रोही ठरविण्यात आले. त्या प्रकरणात न्यायाधीशांची मते एकेकट्याने अजमावण्याच्या पद्धतीस कोकने विरोध केला होता. म्हणजे एकाच कायद्याखाली, एकाच राजाच्या काळात, प्रत्यक्ष वापरलेली खोटी सनद राजद्रोह ठरली नाही आणि घरात पडून राहिलेले कागद मात्र ठरले.

कोकच्या विवेचनाचे खरे मोल या तुलनेत प्रकट होते. संशयास्पद प्रकार उद्भवल्यास राजा व पार्लमेंट यांच्यापुढे तो निर्णयासाठी ठेवावा, न्यायाधीशांनी परस्पर राजद्रोह वाढवू नये, हे १३५१ च्या कायद्याचेच सांगणे होते. कोकने आपला संताप लपविला नाही, पण त्याला कायद्याचे रूपही दिले नाही. पुढे १८६१ च्या कायद्याने महामुद्रेच्या बनावटीस राजद्रोहाऐवजी जन्मठेपेस पात्र असा सामान्य गुन्हा ठरविले. तो बदल पार्लमेंटने केला, न्यायासनाने नव्हे. लीकसारखा एखादा धूर्त कारकून सुटला तरी चालेल, पण शब्दाचा अर्थ ताणून कोणाचा जीव जाऊ नये, हा त्या कोरड्या नोंदीचा गर्भितार्थ आहे.