अंचई नेमकी कुणाची?

ऑनलाइन फुटबॉल गेम खेळणाऱ्यांना एक गोल डोळे मिटूनही दिसतो. विंगर कडेने पळत पेनल्टी बॉक्समध्ये शिरतो, गोलकीपर त्याच्याकडे सरकतो आणि विंगर शॉट न मारता गोलसमोरून आडवा पास देतो. पलीकडे उभा असलेला खेळाडू रिकाम्या जाळीत बॉल ढकलतो. या गोलला ‘स्वेटी गोल’ म्हणतात. ‘स्वेट’ म्हणजे जिंकण्यासाठी नको तितका घाम गाळणारा. खऱ्या मैदानावर अशा गोलला टाळ्या मिळतात, मग इथे ती शिवी का झाली?

मराठीत खेळातल्या लबाडीला ‘अंचई’ असा नेमका शब्द आहे. स्वेटी गोल ही अंचई नाही, कारण त्यात एकही नियम मोडलेला नाही. तरीही असे चार गोल खाल्लेल्या माणसाला आपण फसवले गेलो असेच वाटते. त्याची ही भावना निव्वळ रडीची आहे की तिच्यात तथ्य आहे, हे मला तपासायचे आहे. त्यासाठी फिफा ही मालिका (२०२३पासून तिचे नाव ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाले) पुरेशी आहे.

आधी सरळ अंचई बाजूला काढू. ‘फिफा २२’मध्ये ‘नो लॉस ग्लिच’ नावाची पळवाट सापडली होती. हरत आलेल्या सामन्यातून असे बाहेर पडायचे, की हार नोंदवलीच जाणार नाही. ईए कंपनीने ३०,०००हून अधिक खेळाडूंना सात दिवस ऑनलाइन सामन्यांतून बाहेर ठेवले. इथे वाद नाही. हरलेला सामना हरलेला न मानणे म्हणजे खेळच नाकारणे.

अवघड प्रकार दुसरा आहे. ‘फिफा २३’मध्ये खेळाडूंच्या धावण्याचे तीन प्रकार केले होते. त्यातल्या ‘लेंग्दी’ प्रकारातले खेळाडू सुरुवातीला मंद, पण लांब अंतरात वेग पकडणारे असावेत अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ताडमाड सेंटर-बॅक चपळ विंगरला मागून येऊन गाठू लागले. मग लोक स्ट्रायकरलाही ‘आर्किटेक्ट’ हे कार्ड लावून लेंग्दी करून घेऊ लागले. नियम कुणीच मोडला नाही, पण पडद्यावर जे चालले होते ते फुटबॉल राहिले नव्हते. तिसरा प्रकार आणखी साधा: एक गोलची आघाडी घ्यायची आणि उरलेला वेळ आपल्याच बचावपटूंमध्ये बॉल फिरवत बसायचे.

या दोन्ही प्रकारांचे समर्थन करणारा सगळ्यात भक्कम युक्तिवाद डेव्हिड सर्लिन या गेम डिझायनरचा आहे. ‘प्लेइंग टू विन’ या पुस्तकात तो म्हणतो की खेळात नसलेले नियम मनाशी ठरवून दुसऱ्यांनीही ते पाळावेत अशी अपेक्षा धरणारा माणूस खरा खेळ खेळतच नसतो. अशा माणसाला तो ‘स्क्रब’ म्हणतो. गेम जे करू देतो ते सगळे वैध. तुम्हाला त्यावर उतारा शोधता येत नसेल तर दोष तुमचा. यात दम आहे. नवशिक्यांना अन्यायकारक वाटणारे पुष्कळ डाव खरोखर थोड्या सरावाने मोडता येतात.

पण हा युक्तिवाद एक गोष्ट गृहीत धरतो: नियम आणि खेळ एकच आहेत. मैदानी खेळांचा इतिहास वेगळे सांगतो. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ग्रेग चॅपलने भावाला, ट्रेव्हरला, चेंडू हाताखालून सरपटत टाकायला सांगितले. नियमात ते बसत होते. तरी क्रिकेटविश्वाने ते मान्य केले नाही आणि नियम बदलला. फुटबॉलमध्ये बचावपटू गोलकीपरकडे बॉल परत देत, तो हातात घेऊन वेळ काढत. १९९२मध्ये त्यावर बंदी आली. उलट दिशेनेही घडते. १९४७मध्ये विनू मांकड यांनी बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केले तेव्हापासून त्या कृतीला बदनामी चिकटली होती; २०२२मध्ये एमसीसीने तिला ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात नेले. म्हणजे खेळ काय आहे याची एक समजूत आधी असते आणि नियम तिच्या मागून, कधी धापा टाकत, येतो. ती समजूत वादातून घडते.

व्हिडिओ गेममध्ये नियमाच्या जागी कोड असतो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे काय हवे होते आणि प्रोग्रॅम काय करतो यांतली दरी रोज बघतो. क्रिकेटचा नियम भाषेत लिहिलेला असतो, म्हणून त्याचा अर्थ लावता येतो, त्याच्या हेतूबद्दल भांडता येते. कोडचा अर्थ लावायला पंच नसतो. लेंग्दी सेंटर-बॅक विंगरला गाठतो म्हणजे गाठतो. एक्सप्लॉइट जन्माला येतो तो याच दरीत. स्वेटी गोलही तिथलाच आहे. खऱ्या मैदानावर तो जिवंत बचावपटूंना आणि गोलकीपरला चकवून होतो, इथे मात्र कॉम्प्युटरच्या एका ठरावीक प्रतिक्रियेला. पहिल्यांदा तो गोल असतो, दहाव्यांदा नुसती बटणांची पाठांतरे.

मात्र कोडला सगळा दोष देऊनही चालत नाही, कारण तोच कोड, त्याच दोषांसकट, सोफ्यावर वेगळा वागतो. चार मित्र एका फ्लॅटमध्ये खेळत असले की तिसऱ्या स्वेटी गोलनंतर कुणीतरी म्हणतोच, “ए, हे असले गोल बंद हां.” थोडी बाचाबाची होते आणि ते बंद होतात. हे आपण गल्लीत शिकलेलो असतो. वन टिप वन हँड, जोशींच्या गच्चीत गेला तर आउट, आणि धाकट्या भावाला खेळायला घ्यायचे पण बाद करायचे नाही म्हणून तो लिंबूटिंबू. एमसीसीच्या पुस्तकात लिंबूटिंबू नाही. उद्याही याच पोरांबरोबर खेळायचे आहे, या एका जाणिवेतून तो आला. ऑनलाइन सामन्यात समोरचा माणूस बहुधा पुन्हा भेटणार नसतो.

म्हणजे अनोळखी माणसे मुळात लबाड असतात का? तसेही नाही. फिफाच्या ‘फ्रेंडलीज’मध्ये हारजितीला किंमत नसते, नुसते सामने पूर्ण करून छोटी बक्षिसे मिळवायची असतात. तिथे खेळाडूंनी आपसात ‘गोल्डन गोल’ची प्रथा पाडली: पहिला गोल खाणाऱ्याने सामना सोडायचा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो. शब्दही न बोलता, एकमेकांचे तोंडही न पाहता हजारो लोक हा अलिखित नियम पाळत आले. सगळे नाही, पण प्रथा टिकण्याइतके.

तीच माणसे शनिवार-रविवारच्या स्पर्धेत पाच बचावपटू लावून बसतात, कारण तिथे विजयाला भाव आहे. ‘फिफा १७’मध्ये ही वीकेंड लीग आली तेव्हा एका वीकेंडला ४० सामने असत; ‘फिफा २२’पर्यंत ते २० झाले. जितके विजय जास्त तितकी बक्षिसात पॅक्स चांगली. तीच पॅक्स पैसे देऊनही मिळतात आणि आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी याला जुगार ठरवले आणि २०१९मध्ये कंपनीला तिथे पॅक्ससाठीचे पॉइंट्स विकणे थांबवावे लागले. अशा रचनेत प्रत्येक हार खिशाला लागते. मग स्वेटी गोल न मारणे हा सभ्यपणा नव्हे, स्वखर्चाने केलेला दानधर्म ठरतो.

कंपनीला ही कटुता दिसत नाही असे नाही. ‘फिफा २१’मध्ये तिने ओठांवर बोट ठेवून प्रतिस्पर्ध्याला गप्प करणारे सेलिब्रेशन काढून टाकले. योग्यच केले. पण ते शिष्टाचाराचे औषध झाले. ज्या हिशेबातून कटुता येते तो तसाच राहिला. त्याआधी ‘फिफा १९’मध्ये ‘हाउस रूल्स’ आले होते: फक्त हेडर आणि व्हॉलीचे गोल धरायचे, फक्त लांबून मारलेलेच धरायचे, वगैरे. नाव घरच्या नियमांचे, पण यादी कंपनीची. घरच्या नियमांत मोलाचे असते ते त्यांवर झालेले भांडण, आणि नेमके तेच मेन्यूत नव्हते.

म्हणून स्वेटी गोल मारणाऱ्याला मी अंचईखोर म्हणणार नाही, आणि चिडणाऱ्याला रडा म्हणून हिणवणारही नाही. चिडणाऱ्याचे निदान बरोबर आहे, फक्त त्याचा रोख चुकतो. त्याच-त्या पंचवीस-तीस जणांशी पुन्हा पुन्हा गाठ घालून देणारी, आपले नियम आपण ठरवू देणारी एखादी छोटी लीग या गेममध्येच करता येईल. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही दुर्घट नाही. पण अशा लीगमध्ये पॅक्सची ओढ कमी होईल. “अंचई!” असे गल्लीत कुणी ओरडले की खेळ थांबतो, कारण ते ऐकणारे सगळे खेळातलेच असतात. इथे खेळ थांबवू शकणारा एकच आहे, आणि खेळ चालू राहण्यातच त्याचा धंदा आहे.