गाडी बदलण्याचे स्थानक

घर बांधायचे ठरले, की प्रथम हाती येतो तो नकाशा. घरातली सारी माणसे त्यावर वाकतात. ‘देवघर कुठे?’, ‘ओटा कुणीकडे?’ असे विचारीत बोटाने त्या कागदावरून चालू लागतात. नकाशा पाहायचा म्हणजे मनाने त्यात हिंडायचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तीच माणसे अमूर्त चित्रापुढे मात्र अवघडतात आणि ‘हे आहे तरी काय?’ म्हणून चित्रकारावर रागावतात. मीही पुष्कळ दिवस रागावलो होतो. तो राग घालवला एल लिसिट्स्की या रशियन चित्रकाराने.

लिसिट्स्कीचा जन्म १८९० चा. पीटर्सबर्गच्या कला अकादमीत त्याला प्रवेश मिळाला नाही. ज्यू मुलांना तेथे जागा मोजक्याच असत. म्हणून १९०९ मध्ये तो जर्मनीत डार्मश्टाट येथे गेला आणि वास्तुशास्त्र शिकला. चित्रकलेचे दार बंद झाले म्हणून तो वास्तुकलेच्या दाराने आत शिरला, आणि पुढे चित्रकलेत आला तो हातात पट्टी व गुण्या घेऊनच. १९१९ साली शागालने त्याला व्हिटेब्स्कच्या कलाशाळेत शिकवायला बोलावले. पाठोपाठ मालेविच तेथे आला. त्याचे चौरस आणि वर्तुळे पाहून लिसिट्स्की भारावला. पण मालेविचचे सपाट आकार याने उचलले आणि त्यांना जाडी दिली, उंची दिली. या चित्रांना त्याने ‘प्रौन’ असे नाव ठेवले. चित्रकलेकडून वास्तुकलेकडे जाताना गाडी बदलण्याचे स्थानक, असे तो त्यांचे वर्णन करी. आपल्याकडे मनमाडला गाडी बदलतात, तसे.

यातली खुबी साधी आहे. शाळेत ड्रॉइंग मास्तर शिकवतात, की रुळांच्या दोन रेघा दूर एका बिंदूत मिळतात. असे चित्र पाहणाऱ्याला एका जागी उभे करते. तेथून हलला, की मांडणी खोटी ठरते. वास्तुशिल्पी मात्र आणखी एक रेखनपद्धती वापरतो. तीत समांतर रेघा समांतरच राहतात, दूरची भिंत जवळच्या भिंतीएवढीच दिसते, आणि पाहणाऱ्याची जागा ठरलेली नसते. लिसिट्स्कीने ही कचेरीतली पद्धत कॅनव्हासवर आणली. ‘शहर’ हे त्याचे प्रौन पाहा. काळा चौरस आणि त्याच्याभोवती वस्तीसारखे मांडलेले आकार. क्षणभर आपण वरून पाहतो आहोत असे वाटते, लगेच बाजूने. ठोकळा पुढे येतो आणि पाहता पाहता खळगा होतो. येथे ‘हे काय आहे?’ हा प्रश्नच गळून पडतो आणि ‘मी कोठे उभा आहे?’ हा उरतो. नकाशावर चालणारे आपले बोट पुन्हा चालू लागते.

१९२३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्याने एक खोलीच प्रौन करून टाकली. आकार भिंतींवरून भिंतींवर गेले. पुढे १९२७-२८ मध्ये हॅनोव्हरच्या संग्रहालयात त्याने एक दालन सजवले. तेथील भिंतींवर उभ्या पट्ट्या होत्या. त्यांच्या दोन बाजूंचे रंग निराळे, त्यामुळे माणूस चालू लागला, की भिंतीचा रंग पालटे. काही चित्रे तर प्रेक्षकाने हाताने सरकवून पाहायची! १९३७ मध्ये नाझींनी हे दालन मोडले. प्रेक्षकाला हवे तेथून पाहू देणारी खोली त्यांना सोसली नाही, याचे मला नवल वाटत नाही.

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. मॉस्कोसाठी त्याने तीन खांबांवर तोललेल्या आडव्या गगनचुंबी इमारती कल्पिल्या. त्या कागदावरच राहिल्या. प्रत्यक्षात उभा राहिला तो एक छापखाना. पोटासाठी म्हणा, श्रद्धेने म्हणा, तो सोव्हिएत सरकारच्या सचित्र मासिकाची मांडणी करू लागला. नीपर नदीच्या धरणावरील १९३२ च्या अंकात स्टालिनची भली मोठी छबी आहे. मांडणी कुशल आहे, यात शंका नाही. पण तेथे पाहणाऱ्याची जागा पुन्हा ठरून गेली आहे: नेत्याच्या चेहऱ्यासमोर, मान वर करून. ज्याने आपल्याला चालायला शिकवले, त्यानेच आपल्याला रांगेत उभे केले. क्षयाने पोखरलेल्या त्या माणसाच्या हेतूचा निवाडा मी करणार नाही. चित्रांचा मात्र करीन. प्रौन मोठी आहेत, ती पाने नाहीत.

१९४१ च्या डिसेंबरात तो वारला. जी घरे त्याला बांधता आली नाहीत, ती त्याच्या प्रौनमध्ये उभी आहेत. त्यांना दार नाही. म्हणूनच कदाचित कोठूनही आत जाता येते.

यंदा दारातला आकाशकंदील टांगून झाला, की त्याच्याखाली एकदा फिरून पाहा. त्याचे कोन हळूहळू पालटतील. तेवढे जमले, तर लिसिट्स्कीच्या चित्रात शिरायला अडचण पडणार नाही.