एक तृतीयांशाचा हिशेब

बाटलीत निम्मे रंगीत पाणी आणि निम्मे खाद्यतेल काठोकाठ भरून, बूच लावून ती आडवी धरा आणि हलकेच झुलवा. दोन्हींच्या सीमेवरून एक संथ, उंच लाट सरकताना दिसते. समुद्राच्या पोटातही असेच घडते. वर कोमट व हलके, तर खाली थंड व जड पाणी असते. भरती-ओहोटीबरोबर पुढेमागे होणारे पाणी तळावरच्या डोंगरांवर चढते-उतरते आणि थरांमध्ये अंतर्गत लाटा उठतात. तैवान आणि फिलिपीन्स यांच्यामधल्या लुझॉन सामुद्रधुनीजवळ या लाटा २०० मीटरहून उंच असतात. जहाजावरच्या माणसाला मात्र त्यांचा फारसा पत्ता नसतो!

या लाटा फुटल्या की वरचे आणि खालचे पाणी मिसळते. उष्णता खोल जाते, ध्रुवांजवळ बुडालेले थंड पाणी सावकाश वर येते. पुढच्या काळातील तापमान आणि समुद्रपातळी ज्या संगणकीय प्रारूपांवरून सांगतात, त्यांत हे मिश्रण नीट असायला हवे. पण प्रारूपातला समुद्र म्हणजे चौकोनी घरांची जाळी, आणि एकेक घर कित्येकदा १०० किलोमीटरच्या आसपास. पाचदहा किलोमीटरचा डोंगर त्यात मावतच नाही. मग त्याची लाट कुठून दिसणार? तिचा परिणाम सूत्राने बाहेरून घालावा लागतो. आमचे म्हणणे आहे ते या सूत्राबद्दल.

१९७९ मध्ये ब्रायन आणि लुईस यांनी खोलीनुसार ठरलेला मिश्रणाचा आकडा वापरला. वर कमी, तळाकडे जास्त. मग खाली मैदान असो वा डोंगर. १९९७ मध्ये पोल्झिन आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलजवळच्या खोल समुद्रातील मोजमापे प्रसिद्ध केली. सपाट तळावर मिश्रण अगदी थोडे, मध्य-अटलांटिक रांगेच्या खडबडीत उतारांवर कितीतरी अधिक. त्यावरून २००२ मध्ये सेंट लॉरेंट, सिमन्स आणि जेन यांचे सूत्र आले. भरतीकडून लाटांना किती ऊर्जा मिळते ते तळाच्या खडबडीतपणावरून काढायचे, त्यातली एक तृतीयांश जागीच खर्च झाली असे धरायचे आणि तळापासून वर जाताना मिश्रण सुमारे ५०० मीटरच्या मापाने घटवत न्यायचे. मिश्रणाला ऊर्जेची किंमत मोजावी लागते, हे यात प्रथमच नीट मांडले गेले. हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही.

आमचा आक्षेप त्या एक तृतीयांशाला आहे. तो आला ब्राझीलजवळच्या मोजमापांतून, पण बसला जगभरच्या तळावर. खुद्द कर्त्यांनी तो अंदाजी असल्याचे लिहिले होते. वापरणाऱ्यांनी तो नियमासारखा उचलला. हवाईची उभी, उंच रांग पाहा. तिथे भरती सुमारे २० गिगावॅट ऊर्जा गमावते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार त्यातली जवळपास खर्च होते ती अवघी ३ गिगावॅटच्या घरात, म्हणजे साधारण १५ टक्के. बाकीची लाटांबरोबर शेकडो, हजारो किलोमीटर दूर जाते. एका वर्गाच्या सरासरीवरून साऱ्या शाळेची गुणपत्रके भरावीत, तसा हा प्रकार झाला.

आणि उरलेल्या दोन तृतीयांशाचे काय? निसर्गात ती ऊर्जा कुठेतरी फुटतेच. प्रारूपात मात्र तिच्या जागी सगळीकडे सारखा असा एक पार्श्वभूमीचा आकडा येतो. जणू जमाखर्चाच्या वहीत सर्वांत मोठी रक्कम 'किरकोळ' या सदरात टाकली! हा आकडा निरीक्षणांशी मेळ बसेपर्यंत मागेपुढे करता येतो. उत्तर जुळते, पण रीत चुकलेली असू शकते. गणिताच्या वहीत अशा उत्तराला आपण पूर्ण गुण देत नाही.

२०२० मध्ये द लाव्हेर्न आणि सहकाऱ्यांनी लाटा कुठे जन्मतात, कुठवर जातात आणि कुठे विरतात याचा जगभराचा हिशेब मांडून नवे सूत्र दिले. दूर गेलेली ऊर्जाही त्यात खात्यावर आली. आम्हाला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. पण त्यातले ऊर्जेचे नकाशे आजच्या समुद्राच्या थरांवर काढलेले आहेत. समुद्र वरून तापतो आहे, थरांमधला घनतेचा फरक बदलतो आहे, त्याबरोबर लाटांचे जन्म आणि वाटाही बदलणार. २१०० सालापर्यंत चालवलेल्या प्रारूपात ते नकाशे मात्र आजचेच राहतात.